लाइन लॉक बसवताना

प्रिय सुहास,

तुझ्या 1969 च्या कॅमॅरोत लाइन लॉक घालणार आहेस, म्हणून हे सविस्तर लिहितोय. हा विजेवर बंद होणारा व्हॉल्व्ह. वीज नसेल तेव्हा उघडाच असतो, ब्रेक नेहमीसारखे लागतात. ब्रेकचं पेडल दाबून बटण धरलं आणि पेडल सोडलं की पुढच्या चाकांचा दाब अडकून राहतो, मागची चाकं मोकळी सुटतात आणि बर्नआउट होतो, म्हणजे गाडी जागेवर आणि मागची चाकं गरगर फिरतात. तुझ्या गाडीत ब्रेकच्या तेलाचं पुढचं आणि मागचं सर्किट वेगळं, म्हणून एकच व्हॉल्व्ह पुरतो. तिरक्या सर्किटच्या गाडीत, म्हणजे एक पुढचं चाक आणि विरुद्ध बाजूचं मागचं चाक एका सर्किटवर असलेल्या, तो चालत नाही.

जागा नीट निवड. मास्टर सिलिंडरकडून (पेडल दाबल्यावर ब्रेकच्या तेलाला दाब देतो तो) आलेली पुढची नळी जिथे दोन चाकांसाठी फुटते, त्याच्या अलीकडे. फाट्यानंतर बसवलास तर एकच चाक धरेल. मास्टर सिलिंडरवरची मोठी टाकी बहुधा पुढच्या डिस्कची असते, पण अंदाजावर जाऊ नकोस, नळी हाताने शेवटपर्यंत चाचप. एक्झॉस्टपासून लांब ठेव. व्हॉल्व्हवर आत-बाहेरची खूण असते. उलटा बसला तर अडकलेला दाबच त्याला उघडतो.

खरं काम नळीचं. 3/16 इंची स्टीलची नळी घे, तांब्याची नको. हॅकसॉने न कापता ट्यूब कटरने काप, आतली धार काढ आणि फ्लेअर करण्याआधी, म्हणजे नळीचं तोंड कर्ण्यासारखं फुलवण्याआधी, नट नळीवर सरकव. हे विसरलं की तयार फ्लेअर कापून टाकावा लागतो. फ्लेअर 45 अंशांचा, दुहेरीच, म्हणजे कड आत दुमडलेला. एकेरी फ्लेअर कडेला चिरतो. या नळीचे नट बहुधा 3/8-24 आट्यांचे, पण मास्टर सिलिंडरचे आटे मोठे असू शकतात. मोजूनच अडॅप्टर आण. टेफ्लॉन टेप अजिबात नको. इथे आटे गळती थांबवत नाहीत, धातूवर धातू बसून थांबवतो. स्टीलचं विणलेलं आवरण असलेल्या लवचिक होजची फिटिंग 37 अंशांची असते, ती 45 च्या फ्लेअरवर कसलीस तरी गळणारच.

वीज इग्निशननंतरच्या फ्यूजमधून घे, फ्यूज लाइन लॉकच्या किटच्या पत्रकात सांगितला तेवढ्याच क्षमतेचा. स्विच दाबून धरायचा, सोडल्यावर आपोआप तुटणारा.

मग ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढ. बटण न दाबता, आधी लांबचं पुढचं चाक, मग जवळचं. टाकी रिकामी होऊ देऊ नकोस. ब्रेकचं तेल डॉट 3 किंवा 4 प्रतीचं. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धू.

चाचणीला गाडी स्टँडवर, गिअर न्यूट्रलला. पेडल जोरात दाब, बटण धर, पेडल सोड. पुढचं चाक हाताने हलता कामा नये, मागचं मोकळं फिरायला हवं. बटण सोडताच पुढचंही सुटलं पाहिजे. पुढचं हळूहळू ढिलं झालं तर व्हॉल्व्हच्या बैठकीत कचरा आहे किंवा तोंड उलटं आहे. पेडल मऊ लागलं तर हवा राहिली आहे.

एक सांगतो, हा पार्किंग ब्रेक नाही. व्हॉल्व्हची कॉइल थोड्या वेळात तापते आणि वीज गेली की गाडी सुटते.

पहिल्या धावेनंतर प्रत्येक सांध्यावर कोरडा कागद दाबून बघ, ओला डाग दिसला तर गाडी तिथेच थांबव. आणि फ्लेअर केलास की नळी बसवण्याआधी त्याचा जवळून फोटो मला पाठव.

तुझा,
अविनाश