ओमचं वाचन आणि तुमचा चौथीचा वर्ग

बर्मिंगहॅम,
रविवार

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. ओमला वाचता सगळं येतं, पण गोष्टीचं पुस्तक दिलं की तोंड वाकडं करतो. आणि तुमच्या जि. प. शाळेतली चौथीची पोरंही तशीच, असं तुम्ही लिहिलंत. दादा सगळं मोबाइलच्या माथी मारतोय. मोबाइलचा वाटा आहेच, पण तुम्ही एकाच पत्रात दोन वेगळी दुखणी लिहिली आहेत. एकाला वाचणं जड जातं, दुसऱ्याला वाचायचा कंटाळा येतो. वरून दोन्ही सारखीच दिसतात.

आधी वर्गाचं बघा. मुलांनी न पाहिलेलं पान घ्या, एकेकाला बाजूला बोलवा, मोबाइलच्या घड्याळावर एक मिनिट लावा आणि बरोबर वाचलेले शब्द मोजा. केंद्राच्या निपुण भारत अभियानात तिसरीअखेर मिनिटाला 60 शब्द, तेही समजून, असं उद्दिष्ट आहे. चौथीतलं पोर तीस-पस्तिसावर थांबत असेल, तर त्याला पुस्तक कंटाळवाणं वाटत नाही, ते दमतं. ओळीच्या शेवटाला येईपर्यंत सुरुवात विसरलेली असते. हा आकडा त्याच्यासमोर लिहू नका आणि भिंतीवर तर मुळीच लावू नका.

अशा पोराला नवं पुस्तक देऊन उपयोग नाही. दहा-बारा ओळींचा एकच उतारा तीन-चार दिवस रोज वाचून घ्या. त्याहून सोपं म्हणजे जे पाठ आहे तेच छापील समोर ठेवायचं. आपल्याकडच्या पोरांना हरिपाठ, आरत्या तोंडपाठ असतात. पुस्तिका उघडून शब्दाशब्दावर बोट ठेवत म्हणायला लावा. पुढचा शब्द आधीच माहीत असल्यानं डोळा न अडखळता पुढं सरकतो, आणि त्यालाच तर वेग म्हणायचं.

अडकतात कुठं ते टिपून ठेवा. बहुतेक वेळा र सापडेल. ‘सूर्य’मध्ये तो य च्या आधी ऐकू येतो, पण बसतो य च्या डोक्यावर. ‘प्रकाश’मध्ये तिरपी रेघ, ‘राष्ट्र’मध्ये खाली टोपी, ‘दुसऱ्या’मध्ये आणखी निराळा. एकाच अक्षराची चार सोंगं, आणि आपण बाराखडी संपली की जोडाक्षरं आपोआप येतील असं धरून चालतो. प्रत्येक सोंगाचे चार-चार शब्द चिठ्ठ्यांवर लिहा, दोन आठवडे रोज पाच मिनिटं.

एक चूक मात्र कटाक्षानं टाळा. पुस्तकात ‘काय करत आहेस’ असतं आणि पोर ‘काय करायलास’ असं वाचतं. तिथं टोकू नका. त्यानं वाक्य समजून आपल्या बोलीत आणलंय. अडखळत अक्षरशः वाचणाऱ्यापेक्षा हे पोर पुढं आहे. ‘घर’ला ‘घार’ वाचून पुढं निघून गेलं, तर मात्र थांबवा. ते अर्थ बघतच नाहीये.

प्रकट वाचनाची पद्धतही बदलून बघा. एकेकानं एकेक परिच्छेद वाचायचा ठरला की बाकीची पोरं आपला परिच्छेद कोणता येणार ते मोजत बसतात. धडा कुणीच ऐकत नाही, आणि जो अडखळतो त्याची सगळ्यांसमोर फजिती होते ती वेगळीच. त्याऐवजी जोड्या लावा. दोघांत एक पुस्तक, एक पान तुझं, एक पान माझं, दहा मिनिटं. जोडीदार अडला तर मनात तीन अंक मोजायचे, मगच शब्द सांगायचा. फार हुशार आणि अगदी कच्चा अशी जोडी टिकत नाही. थोडंच अंतर ठेवा.

आता ओम. त्याचं दुखणं स्वाध्यायातलं आहे. धडा संपला की रिकाम्या जागा, एका वाक्यात उत्तरे, कोण कोणास म्हणाले. मूल लवकरच शिकतं की आधी प्रश्न बघायचा, धड्यात तो शब्द शोधायचा आणि तिथलं वाक्य उचलून वहीत ठेवायचं. धडा न वाचता गुण पूर्ण. गाईड असेल तर तेवढेही कष्ट नकोत. पाच वर्षं हेच केल्यावर प्रश्न नसलेलं पुस्तक हातात आलं की त्याचं काय करायचं हेच पोराला कळत नाही. आणि आपण घरीसुद्धा लगेच विचारतो, “वाचलंस? मग सांग, काय शिकलास?” तुम्ही घरी आई आणि शाळेत बाई, त्यामुळे तुम्हाला हे अवघड जाणार.

बक्षीसही नको. 1973 मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डच्या बालवाडीत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रांची आवड असलेल्या मुलांवर प्रयोग केला. चित्र काढलं तर प्रशस्तिपत्र मिळेल असं ज्यांना आधीच कबूल केलं होतं, ती मुलं नंतर मोकळ्या वेळात रंगीत पेनांना कमी हात लावू लागली. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं तसं झालं नाही. म्हणजे घोळ आधी केलेल्या सौद्यात आहे.

इथं सगळं छान आहे असं समजू नका. इथल्या बऱ्याच शाळांत पुस्तकांना पातळीप्रमाणे रंगांच्या पट्ट्या असतात आणि पोरं ‘तू अजून पिवळ्यावरच?’ म्हणून चिडवतात. काही शाळांत पुस्तक वाचून संगणकावर प्रश्न सोडवले की गुण मिळतात. मग पुस्तकाआधी गुण बघितले जातात. त्यातल्या त्यात बरा उपक्रम सार्वजनिक ग्रंथालयांचा, 1999 पासूनचा. उन्हाळी सुट्टीत साधारण सहा पुस्तकं, पण मुलानं स्वतः निवडलेली, कोणतीही.

ते ‘कोणतीही’ ओमसाठी घ्या. पाचवीतला घोडा आणि चित्रांची पुस्तकं, असं दादा म्हणेल, म्हणू द्या. एक पान वाचताना अडलेल्या शब्दाला एक बोट मिटायचं, पाचही मिटली तर पुस्तक सध्या बाजूला. अर्धवट सोडायलाही परवानगी हवी. म्हणूनच मासिक बरं. बालभारतीचं ‘किशोर’ 1971 पासून निघतंय, जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. मोबाइलवर वाचायला देऊ नका, झेरॉक्सवाल्याकडून दोन्ही बाजूंनी छापून घ्या. रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटं तुम्ही किंवा दादानं मोठ्यानं वाचायचं, रंगात आलं की थांबायचं, अंक तिथंच उघडा ठेवून उठायचं. पाचवीत आहे म्हणून वाचून दाखवणं बंद करू नका. कानाला कळणारी भाषा डोळ्याला कळणाऱ्या भाषेच्या बरीच पुढं असते.

शाळेतल्या कपाटाचं कुलूप हा खरा अडथळा. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला ग्रंथालय सांगितलंय, गोष्टीच्या पुस्तकांसह. पुस्तकं येतातही, पण हरवली तर भरून द्यावी लागतील या धास्तीनं 15 ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनापुरती बाहेर निघतात, फोटो झाला की परत आत. मुख्याध्यापकांशी बोलून पंधरा-वीस पातळ पुस्तकं तुमच्या नावावर घ्या. पोरांच्या छातीच्या उंचीवर दोरी बांधा, मुखपृष्ठ दिसेल अशी चिमट्यानं लावा. नुसता कणा बघून चौथीचं पोर पुस्तक उचलत नाही. दर पंधरवड्याला निम्मी बदला. नोंदवही पोरांकडेच द्या: नाव, पुस्तक, नेलं, आणलं. ‘आवडलं का’ हा रकाना घालू नका, नाहीतर त्याचाही स्वाध्याय होईल.

चिमटे लाकडी घ्या. प्लास्टिकचे परभणीच्या उन्हात एका उन्हाळ्यात तडकतात.

आईंना साष्टांग नमस्कार, ओमला आशीर्वाद.

आपला,
संजू