पारावर जा, बाबा

वडसा, मार्गशीर्ष

आई, बाबा,

सादर नमस्कार.

बाबा आठ दिवसांपासून पारावर गेले नाहीत, असं धाकट्यानं सांगितलं. कारणही सांगितलं. आमच्या दोघांच्या एका फोटोवरून, पोरगी नाटकातल्या हिरोसोबत पळाली, अशी हवा गावात आहे म्हणे. फोनवर रडू आलं असतं, म्हणून लिहिते.

मी पळाले नाही. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रांपासून जवळपास रोज नाटकाची नाईट आहे, आज कुरखेड्याकडे तर उद्या सिंदेवाहीकडे. तो फोटो पहाटे पाचचा आहे. नाटक संपलं होतं, गाडी यायची होती, मी काकडत होते, म्हणून त्यानं आपली शाल माझ्या खांद्यावर टाकली. शेकोटीभोवती तबलजी होता, ऑर्गनवाला होता, माझ्या मांडीवर आमच्या नर्तकीची लेक निजली होती. फोटोतून ती सगळी माणसं कापली गेली आणि आम्ही दोघंच उरलो.

2023 साली आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी नाटकांचे नट परशुराम खुणेंना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा बाबा, तुम्ही पारावर पेढे वाटले होते. झाडीपट्टीचं नाव झालं म्हणत होते. तेही रात्र रात्र गावोगाव फिरूनच मोठे झाले ना? मग मी फिरते तेव्हा मी कोणाशेजारी बसले, एवढंच लोकांना का दिसतं? तुम्हीच सांगत होते, पूर्वी पुरुषच लुगडं नेसून बाईचं काम करत. आता बाई स्वतः उभी राहते, तर तिच्या रडण्याला टाळी आणि हसण्याला संशय.

आई, तुला एक सांगायचं राहिलं. परवा मेकअप उतरवत होते, अर्ध्या चेहऱ्याला खोबरेल होतं. एक म्हातारी पडद्यामागे आली. माझा हात धरून म्हणाली, "कायले एवढं रडवते वो बाई?" आणि पदराच्या गाठीतली दहाची नोट माझ्या मुठीत कोंबली. ती नोट मी मोडली नाही. तुझ्यासाठी ठेवली आहे.

त्या मुलाशी माझं काही नाही. असतं तर सगळ्यात आधी तुम्हाला सांगितलं असतं. लोकांना विचारू नका, मला विचारा.

शंकरपटाच्या बैलशर्यतीला आपल्या शेजारच्याच गावात आमचं नाटक आहे. दोघं या, पुढच्या खुर्च्या धरून ठेवते. बाबा, मफलर बांधा, पहाट होते. आई, आवळासुपारी आण, गाडी फार लागते.

तुमचीच,
मोठी