खोडदचा डेटा आणि तुझा अर्ज

पुणे,
रविवार रात्र

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. ‘आमच्या कॉलेजात रिसर्च कसला, जर्नलवर सह्या मिळाल्या तरी गंगेत घोडं न्हालं’ हे वाचून हसलो. पण तुझं रडगाणं मला अर्धंच पटलं.

कॉलेजात दुर्बीण नसेल, पण तिचा डेटा तुझ्या लॅपटॉपवर येतो. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आहेत ना, त्यांनी 2010 ते 2012 या काळात 150 मेगाहर्ट्झवर जवळजवळ 90 टक्के आकाश टिपलं. त्यातले सहा लाखांवर रेडिओस्रोत, म्हणजे रेडिओ लहरी सोडणाऱ्या वस्तू, आणि सगळ्या प्रतिमा कुणालाही फुकट मिळतात. डीएस-नाइन नावाचं, अशा प्रतिमा बघायचं सॉफ्टवेअर घे, तेही फुकट, आणि एक फाइल उघड.

उन्हाळ्यात आमच्या गटातल्या पीएचडी करणाऱ्या ताईंनी एक रेडिओ दीर्घिका, म्हणजे रेडिओ लहरींत तेजस्वी दिसणारी आकाशगंगा, दाखवली. कमी-जास्त तेजाला वेगवेगळे रंग देणाऱ्या इंद्रधनुषी रंगपट्टीत तिच्याभोवती लालभडक, रेखीव कडा. ‘ही कडा आकाशात आहे की पट्टीत?’ त्यांनी विचारलं, आणि तीच फाइल साध्या करड्या छटांत लावली. कडा गायब! तेज हळूहळू उतरत होतं, बस. मग चित्रात दाखवायच्या तेजाची वरची मर्यादा खाली आणली, तर दोन्ही बाजूंना पुसट फुगे दिसू लागले. आम्ही खूश. त्यांनी गोंगाटाच्या (म्हणजे डेटातल्या निरर्थक चढउतारांच्या) तिप्पट पातळीवर समोच्च रेषा, म्हणजे समान तेजाचे बिंदू जोडणाऱ्या रेषा, काढायला लावल्या आणि त्यातला एक फुगा फुटला, तो नुसता गोंगाट निघाला. सगळी दुपार त्या एका चित्रावर गेली. माझ्या मते खरं शिक्षण तेवढंच झालं. बाकी पायथॉन काय, कुणीही शिकतं.

म्हणून उन्हाळी संशोधनाच्या अर्जात ‘मला लहानपणापासून ताऱ्यांची ओढ’ वगैरे लिहू नकोस. (सगळे तेच लिहितात.) एक चित्र कर, आणि ही रंगपट्टी का, ही मर्यादा का, कुठल्या ठिपक्यावर विश्वास नाही, ते चार ओळींत लिही. तिन्ही विज्ञान अकादम्यांची मिळून दोन महिन्यांची उन्हाळी फेलोशिप असते, विद्यावेतनासह. इथे पुण्यात एनसीआरए आणि आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थाही सुट्टीत विद्यार्थी घेतात. पात्रतेच्या अटी नीट वाच आणि शिफारसपत्रासाठी सरांना आत्ताच गाठ, शेवटच्या आठवड्यात ते कुणालाच सापडत नाहीत. चुरस भयंकर असते, हे मात्र खरं.

आकाशात रस नसेल, तर हवामान खात्याचा 1901 पासूनचा रोजचा पाऊस चौकटवार, म्हणजे नकाशाचे छोटे चौकोन पाडून, मिळतो. तुमच्या तालुक्यावरची चौकट काढ. वर्षाची बेरीज तीच राहून पावसाचे दिवस कमी झालेत का, ते तुझे काका रोज सांगतात. आकड्यांत दिसतं का बघ.

विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला प्रदर्शन असतं. आदल्या दिवशी ये, माझ्या खोलीवर एक गादी जास्तीची आहे. काकूंना नमस्कार.

तुझा,
ओंकार