दिल्यास पत्र: ढोलकीवाल्या पोरासाठी
ठाणे (पूर्व), रविवार

प्रिय दिल्या,

माझा गुडघा बरा आहे, हिची शुगर ताब्यात. आता मूळ मुद्दा.

ठाण्याच्या जेलमधला भजनाचा वर्ग तुला ठाऊक आहे. तिथं एक कच्चा कैदी आहे, म्हणजे खटला अजून निकाली न निघालेला, चोविशीचा. कित्येक आठवडे नुसता भिंतीला टेकून बसायचा. परवा त्यानं ढोलकी ओढली आणि स्वतः जुळवलेली ओवी म्हणाला:

मुलाखतीच्या रांगंत माय माझी दिसंना,
तिच्या पदराचा रंग डोळ्यांतून पुसंना.

दुसऱ्या ओळीला आवाज फुटला, हात थांबला. कोणी काही बोललं नाही. सगळ्यांनी टाळ्यांवर लय धरून ठेवली, तो परत समेवर येईपर्यंत. अण्णा गेले त्या वर्षीची गोकुळाष्टमी आठवली ना? म्हणून तुलाच लिहितोय. 'गाणं म्हणजे रियाज, औषधबिवषध नव्हे' म्हणून तू किती भांडला होतास! मला तेव्हाही पटलं नव्हतं.

2022 च्या सरकारी आकड्यांप्रमाणे देशातले 75 टक्क्यांहून जास्त कैदी कच्चे होते. त्यांना सक्तीचं काम नसतं, नुसती पुढची तारीख असते. त्या रिकाम्या वेळात माणूस आतून कुजतो रे. चार जणांबरोबर गाताना निदान श्वास लांबतो, दुसऱ्याचं ऐकावं लागतं.

तुझ्या गिटारवाल्या चिन्मयला विचार, वेन क्रेमर हा रॉक गिटारवाला माहीत आहे का. तो सत्तरच्या दशकात अमेरिकेत तुरुंगात होता. तिथं त्याला रेड रॉडनी हा जाझ ट्रंपेटवाला भेटला, तोही कैदीच, आणि त्याच्याकडून तो शिकला. बिली ब्रॅग या ब्रिटिश गायकानं 2007 मध्ये ब्रिटनमध्ये कैद्यांना गिटारी द्यायचं काम सुरू केलं, ते क्रेमरनं पुढं अमेरिकेत नेलं.

आपल्या ढोलकीवाल्या पोराला जामीन मंजूर झालाय, जामीनदारही मिळालाय. आता तो दिघ्याला मामाकडे जाईल, आणि तिथं नाक्यावर जुनी टोळी बसलेलीच आहे. आत त्याला लय धरणारी माणसं होती. बाहेर कोण? या विचारानं मला झोप नाही.

ऐरोलीच्या तुझ्या मंडळात त्याला बसव. पखवाज तू शिकव, हात तयार आहे. कुठून आला ते लोकांना सांगायचं की नाही, हे त्यालाच ठरवू दे. मंडळात कुणी नाक मुरडलं तर तू भांड, ते तुला छान जमतं.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींचा खांदा?

मंगळवारी भजन आठलाच असतं ना? सुटला की त्याला ऐरोली स्टेशनवर पाठवतो. न्यायला तू स्वतः ये, चिन्मयला पाठवू नकोस.

तुझा,
शऱ्या