गिटारचं पिक घेताना टोकही पाहा

महोदय,

रविवारच्या पुरवणीत नवशिक्यांसाठी गिटारच्या साहित्यावर आलेला लेख वाचला. तारा आणि ट्यूनरचा भाग चांगलाच उतरला आहे. पिकचा, म्हणजे तारा छेडण्याच्या छोट्या चपट्या तुकड्याचा, विषय मात्र ‘सुरुवातीला पातळ पिक घ्यावं’ एवढ्या एका वाक्यात उरकला आहे. गिटार शिकवणं हाच माझा व्यवसाय असल्यामुळे हेच वाक्य प्रमाण मानून आलेले विद्यार्थी मला नेहमी भेटतात, म्हणून हा पत्रप्रपंच.

जाडीने फरक पडत नाही, असं माझं म्हणणं नाही. ०.४६ मिलिमीटरचं पिक तारेवर वाकतं, १ मिलिमीटरचं जवळजवळ वाकत नाही, हे कोणालाही पहिल्याच आघातात कळतं. पण तारेला लागतं ते टोक. टोक अणकुचीदार असेल तर तार अरुंद जागेवरून झटकन सुटते आणि आवाज खणखणीत, कधी कधी कर्कशही येतो. टोक गोलसर असेल तर तार घरंगळत सुटते, सुरुवातीची ‘टक्’ बोथट होते आणि नाद भरीव लागतो. सतार शिकणाऱ्याची मिजराब, म्हणजे तार छेडण्याची नखी, बोटाला नीट बसते की नाही, हे आधी पाहिलं जातं. गिटारवाल्याच्या हातात मात्र गिटारबरोबर फुकट आलेलं पिक असतं आणि वर्षभर तेच चालतं.

गंमत म्हणजे त्या फुकटच्या पिकमध्येही दोन आकार असतात. सर्रास मिळणारं, दुकानात ३५१ या क्रमांकाने ओळखलं जाणारं, साधारण ३० मिलिमीटर लांबीचं पिक घ्या. त्याला एक निमुळतं टोक आणि दोन गोल खांदे असतात. तिसऱ्या तारेवर कोणतीही एक ओळ आधी टोकाने वाजवा, मग पिक फिरवून तीच ओळ खांद्याने वाजवा. जाडी तीच, प्लास्टिक तेच, हातही तोच. आवाज मात्र ऐकण्यासारखा बदलतो. स्टीव्ही रे वॉन हे ब्लूज या अमेरिकी संगीतशैलीचे नामवंत गिटारवादक पिकच्या या गोल बाजूनेच वाजवत. त्यांच्या भारदस्त आवाजाचं सगळं श्रेय खांद्याला देता येणार नाही, जाड तारा आणि हातातला जोर होताच. पण टोक सोडून खांद्याकडे वळण्यामागे त्यांच्या कानाचा कौल असणारच.

आता वाजवण्याच्या पद्धतीबद्दल. जो प्रामुख्याने कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरांचा गट) धरून स्ट्रमिंग करतो, म्हणजे एका फटक्यात अनेक तारा छेडतो, त्याची खरी अडचण पिक बोटांत फिरण्याची असते. गाणं अर्ध्यावर येतं तोवर टोक कुठल्या कुठे गेलेलं असतं. अशांना मी मोठं त्रिकोणी पिक सुचवतो. पकडायला ऐसपैस जागा मिळते आणि ते फिरलंच, तर पुढचा कोपरा हजर असतो. एक कोपरा झिजला तरी दोन उरतात. नामवंत रॉक गिटारवादक कार्लोस सँटाना मोठं त्रिकोणी पिक वापरतात, म्हणजे ते फक्त स्ट्रमिंगवाल्यांचं आहे असंही नाही. उलट एकेक स्वर वेगाने वाजवणाऱ्याला छोटं, टोकदार पिक सोयीचं पडतं. जॅझ थ्री हे त्यातलं प्रसिद्ध, १.३८ मिलिमीटर जाडीचं. त्याचं सध्या पेवच फुटलं आहे. कोणीतरी भन्नाट सोलो वाजवताना दिसतो आणि आठवड्याभरात वर्गातल्या निम्म्या हातांत तेच पिक! स्ट्रमिंग करताना बोटांतून ते जेमतेम डोकावतं, नखं आणि बोटं तारांवर आपटतात, आणि पोरं म्हणतात, ‘सर, गिटारच बेकार आहे.’

आपल्याला काय मानवतं हे कळायला जुनं, झिजलेलं पिक उत्तम. उजेडासमोर धरून नीट पाहा. टोक दोन्ही बाजूंनी सारखं गोल झालं असेल, तर तुम्ही पिक तारेला समांतर, सपाट धरता. एकच कड तिरकी खाल्ली गेली असेल, तर तुम्ही पिक कलते धरता. मग कडा आधीच उतरत्या घासलेलं पिक तुम्हाला सोपं जाईल, जाड असलं तरी तारेत अडकणार नाही. ओरखडे पार खांद्यापर्यंत गेले असतील, तर पिक बोटांबाहेर फार काढलेलं आहे. तिथे आकार बदलण्याआधी पकड बदलायला हवी.

आणि पातळ पिकचा नियम कितपत पाळायचा? ‘क्वीन’ या रॉक बँडचे गिटारवादक ब्रायन मे सहा पेन्सच्या जुन्या ब्रिटिश नाण्याने वाजवतात. नाणं वाकत नाही, त्याला टोकही नाही. कडेला बारीक खाचा असतात आणि नाणं तिरकं झालं की त्या तारेवर घासून आवाजाला वेगळी धार आणतात. नवशिक्याने नाणं घ्यावं असं मी म्हणणार नाही. पण पातळ पिक चुकीची पकड खपवून घेतं, हातातला अनाठायी जोर झाकतं, आणि तोच विद्यार्थी पुढे जाड पिक घेतो तेव्हा दर दोन आघातांमागे अडखळतो. मी मध्यम जाडीपासून सुरुवात करून देतो.

एक विनंती आहे. याच पानावर पुढच्या वेळी तीन आकृत्या मूळ मापात छापाव्यात: नेहमीचं ३५१, मोठं त्रिकोणी आणि छोटं टोकदार. वाचक त्या जुन्या, बाद झालेल्या एटीएम कार्डावर ठेवून कापू शकतील आणि कडा नखांच्या कानशीने गुळगुळीत करून घेतील. कार्डाची जाडी सुमारे ०.७६ मिलिमीटर असते, त्यामुळे तिन्ही पिक एकाच जाडीची होतील आणि कानाला जो फरक जाणवेल, तो फक्त आकाराचा असेल.

आपला,
एक गिटारशिक्षक