दिवाळीतला पाऊस आणि कापलेले भात

‘दिवाळीत कोकणात विजांसह पावसाची शक्यता’ ही आपल्या अंकातील बातमी वाचली. तीत फटाके आणि पर्यटकांच्या बेतांचा विचार आहे. शेतात कापून ठेवलेल्या भाताचा उल्लेखही नाही. कापलेल्या भाताला उडवी (भाऱ्यांची रास) रचण्याआधी दोन-तीन कडक उन्हे लागतात. तेवढ्यात एक जोरदार सर आली, की ते पाण्यात बसते आणि लोंबीतच दाण्याला मोड फुटतात. २०१९ मध्ये ऐन दिवाळीत ‘क्यार’ चक्रीवादळाच्या वेळी झालेल्या पावसात सिंधुदुर्गाने हे भोगले आहे. आमचा काळा पडलेला पेंढा तेव्हा गुरांनीही हुंगून सोडला.

‘तुरळक ठिकाणी पाऊस’ एवढ्यावर कापणीचा निर्णय होत नाही. हवामान विभाग जिल्हानिहाय इशारे देतो, पुढच्या तीन तासांचा अंदाजही देतो. विजांसाठी ‘दामिनी’ अ‍ॅप आहे. सणाच्या दिवसांत आपण पहिल्या पानावर जिल्हानिहाय इशारे, त्यांच्या रंगांच्या अर्थासह, छापावेत. पिवळ्या इशाऱ्याने कोणाची सुट्टी रद्द होत नाही, पण उद्या भात आडवे करायचे की नाही, हे शेतकऱ्याला आजच्या अंकातून कळायला हवे.

– एक भातशेतकरी, कुडाळ