श्रीमंतांवरचा कर वाढवा, पण अधिभाराच्या वाटेने नको

माननीय श्रीमती निर्मला सीतारामन,
केंद्रीय अर्थमंत्री, नवी दिल्ली

सादर नमस्कार.

मी सांगलीत कर सल्लागार म्हणून काम करते. माझ्याकडे शिक्षक येतात, हळदीचे व्यापारी येतात, थोडे बडे डॉक्टर आणि कारखानदारही येतात. हे पत्र त्या शेवटच्या मंडळींना रुचणार नाही. वर्षाला ५ कोटींहून जास्त कमावणाऱ्यांनी आजच्यापेक्षा चढ्या दराने प्राप्तिकर भरावा, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि तो कोणत्या वाटेने घ्यायचा, याबद्दलचा माझा आग्रह त्याहून मोठा आहे.

२०२५ च्या अर्थसंकल्पात आपण १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरचा कर माफ केलात. १२ लाख कमावणाऱ्याचे ८० हजार रुपये वाचले आणि गावभर पेढे वाटल्यासारखी चर्चा झाली. त्याच्या दोन वर्षं आधी दिलेल्या दुसऱ्या एका सवलतीबद्दल मात्र कुणी फारसं बोललं नाही. २०२३ मध्ये नव्या करप्रणालीत ५ कोटींवरच्या उत्पन्नाचा अधिभार (करावर लागणारा जादा कर) ३७ टक्क्यांवरून २५ वर आला, म्हणजे कमाल दर ४२.७४ टक्क्यांवरून ३९ वर. १० कोटी कमावणाऱ्याला त्यातून वर्षाला ३५ लाखांहून अधिक सुटले. माझ्या शिक्षक अशिलांपैकी कुणाचाही तीन वर्षांचा पगार एवढा होत नाही.

आता अधिभाराकडे वळते. २४ लाखांवर ३० टक्क्यांचा टप्पा सुरू होतो आणि आपली शिडी तिथेच संपते. २५ लाखवाला आणि २५ कोटीवाला कागदोपत्री एकाच पायरीवर. फरक पडतो तो अधिभारामुळे, आणि राज्यघटनेच्या कलम २७० व २७१ नुसार अधिभार आणि उपकर (ठरावीक कामासाठी करावर आकारलेली वेगळी रक्कम) राज्यांत वाटले जात नाहीत. केंद्राच्या करांतला राज्यांचा वाटा वित्त आयोग सुचवतो; पंधराव्या आयोगाने राज्यांना दिलेला ४१ टक्क्यांचा वाटा हे दोन्ही वगळून उरलेल्या करांतला होता. ५ कोटी करपात्र उत्पन्नावर आज सुमारे साडेछत्तीस लाख अधिभार लागतो. तेवढीच रक्कम मूळ कराच्या दरातून घेतली असती, तर त्यातले जवळपास १५ लाख सगळ्या राज्यांत मिळून वाटले गेले असते. देशातल्या प्रत्यक्ष करांपैकी एक तृतीयांशाहून जास्त वसुली महाराष्ट्रात होते आणि पंधराव्या आयोगानुसार वाटपात आमचा हिस्सा होता ६.३१७ टक्के. त्याबद्दल माझी तक्रार नाही, बिहारला जास्त मिळायलाच हवं. पण वाटायच्या ताटातूनच घास काढून ठेवला, तर बिहारलाही कमी आणि आम्हालाही कमी.

राज्यांना स्वतःला काही करता येईल म्हणावं, तर शेती सोडून कमाईवर आकारायला त्यांच्याकडे उरतो तो व्यवसाय कर. आमच्याकडे तो १९७५ साली रोजगार हमीसाठी आला. कलम २७६ मध्ये त्याची कमाल मर्यादा वर्षाला २,५०० रुपये आहे, १९८८ पासून तेवढीच. महिना १० हजारांहून थोडा जास्त पगार घेणारा सुरक्षारक्षक २,५०० भरतो आणि ज्याच्या फाटकावर तो उभा राहतो तो कंपनीचा मालकही २,५०० च.

अधिभाराचा दुसरा दोष माझ्या धंद्यातला आहे. तो मर्यादेवरच्या रकमेपुरता नसतो, सबंध करावर लागतो. सीमांत सवलत (वाढीव कर वाढीव उत्पन्नाच्या पुढे जाऊ न देणारी सूट) धरूनही ५० लाखांनंतरचे पुढचे सुमारे दीड लाख रुपये पुरेपूर करात जातात. म्हणून मार्चमध्ये फोन येतात, ‘मॅडम, काहीही करून पन्नासच्या आत बसवा.’ टप्प्यांच्या पद्धतीत हा खेळ उरत नाही.

शिवाय खरे धनाढ्य पगारावर जगतच नाहीत. नोंदणीकृत शेअरवरच्या दीर्घकालीन भांडवली नफ्याचा दर १२.५ टक्के आहे आणि त्यावरचा अधिभार १५ टक्क्यांच्या पुढे जात नाही. उपकर धरून हा बोजा १५ टक्क्यांच्या आतच राहतो, नफा ५ कोटी असो वा ५०० कोटी. ३० लाख करपात्र पगार असलेली बँकेतली अधिकारी मात्र १६.६ टक्के भरते. हे मी अशिलांना समजावून सांगू शकत नाही. आपण जुलै २०१९ मध्ये अधिभार वाढवलात, तेव्हा तो या नफ्यालाही लागू होता. परदेशी गुंतवणूकदारांनी विक्रीचा सपाटा लावला आणि ऑगस्टमध्ये आपण शेअरच्या नफ्यावरची वाढ मागे घेतलीत. पगारदाराला विकून निघून जाता येत नाही, म्हणून त्याच्यावरची वाढ तेव्हा कायम राहिली.

चढ्या दरांनी चोरी वाढते, हा आक्षेप मला मान्य आहे, आणि त्याचा दाखला आमच्याच शेजारच्या जिल्ह्यातला आहे. कराडचे यशवंतराव चव्हाण अर्थमंत्री असताना १९७१ मध्ये कमाल दर ९७.७५ टक्क्यांवर गेला. करचोरीच्या अभ्यासासाठी सरकारने नेमलेल्या वांच्छू समितीने करचुकवेगिरीचं खापर अशा दरांवर फोडलं, आणि १९७४ मध्ये यशवंतरावांनीच तो ७७ वर आणला. १९९७ मध्ये चिदंबरम यांनी ३० टक्के केला, तो वरचा टप्पा अजून तिथेच आहे. पण तेव्हाचे ९७ आणि मी पुढे मागते ते ४५ यांत अंतर आहे की नाही? लोक दुबईला जातील, हेही ऐकते. तिथे वैयक्तिक प्राप्तिकर नाही, काही जातीलही. कुपवाडची औद्योगिक वसाहत आणि तिथली जमीन काही त्यांच्या सामानात मावणार नाही.

तर माझी मागणी. सगळा अधिभार रद्द करा. ५० लाखांवर ३५ टक्के, २ कोटींवर ४० आणि ५ कोटींवर ४५ असे तीन टप्पे आणा. मी आकडे मांडून पाहिले. १ कोटी पगारवाला आज साडेएकोणतीस लाख भरतो, तेव्हाही तेवढेच भरेल. ५ कोटीवाल्याचा कर आज एक कोटी ९० लाखांच्या आसपास आहे, तो एखाद्या लाखाने हलेल. खरा फरक पडेल ५ कोटींच्या वरच्यांना, आणि राज्यांच्या तिजोरीला. दीर्घकालीन भांडवली नफा वर्षाला १ कोटीच्या पुढे गेला, तर पुढच्या रकमेवर २० टक्के लावा. निवृत्तीच्या पुंजीतून थोडे शेअर विकणारा त्यात सापडणार नाही.

आणि ऑगस्ट २०१९ सारखा बाजार पडला, तर या वेळी एक-दोन महिने धीर धरा.

आपली नम्र,
एक कर सल्लागार, सांगली